डाव्या बाजूचा बिघाड

नरसिंगरावांची लाल गाडी पहिल्यांदा खोकली ती नेमकी बनशंकरीच्या देवळासमोर, शुक्रवारी, राहुकाळात. म्हणजे लिंबाचे दिवे लावायला निम्मी बनशंकरी रस्त्यावर उतरलेली असते तेव्हा. समोरून एक ऑटो आडवा आला, नरसिंगरावांनी त्याला झोकात वळसा घालून गाडी पुढे काढली, आणि इंजिनाला एकदम उचकी लागली. मग "खुक्". मग "खुक्-खुक्-फट्!" गाडीने असे हिसके दिले की शारदाबाईंच्या मांडीवरच्या पिशवीतली लिंबं टणाटण उड्या मारत खाली गेली, आणि फूटपाथवर फुलं विकणारी बाई मोठ्यांदा हळहळली, "अय्यो पाप!"

पेट्रोल संपून गाडी थांबली तर माणसाचं काही जात नाही. पंक्चर झाली तर ते रस्त्याचं पाप. पण छप्पर मागे टाकलेली, दोन दारांची, जमिनीला पोट टेकून चालणारी स्पोर्ट्स कार दमेकऱ्यासारखी खोकायला लागली की आत बसलेल्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. छप्परच नसतं ना.

"थांबवा की जरा," शारदाबाई म्हणाल्या. "लोक बघतायत."

"बघू देत. जातिवंत गाड्यांना गरम व्हायला वेळ लागतो."

"घरापासून इथवर गरम नाही झाली? एवढ्या वेळात माझी इडली होते."

नरसिंगरावांनी उत्तर दिलं नाही. आयुष्यभर चिकपेटेत साड्यांचा घाऊक धंदा केलेल्या माणसाला गिऱ्हाइकाच्या कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे पक्कं ठाऊक असतं. अर्थात शारदाबाई गिऱ्हाईक नव्हत्या, हा त्या हिशेबातला जुनाच घोटाळा.

दुकान मुलाच्या, संतोषकुमारच्या, हाती सोपवल्यावर नरसिंगरावांनी स्वतःसाठी केलेलं एकमेव खूळ म्हणजे ही जपानी गाडी. गाडीचं वय संतोषकुमारच्या आसपास, पण तब्येत त्याच्यापेक्षा बरी, असं ते सगळ्यांना सांगत. गल्लीने मात्र तिचं स्वागत एकाच प्रश्नाने केलं होतं: "दोनच सीटं? मग पाहुणे आले तर?" पाहुणे आले तर बसायला जागा नसणं हाच या गाडीचा मोठा गुण आहे, हे नरसिंगराव मनात म्हणत आणि तोंडाने "बघू की, स्वल्प थांबा" एवढंच बोलत.

खोकत खोकत गाडी घरी आली तेव्हा शेजारचे वादिराज फाटकाशी उभेच होते. वादिराज विमानांच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे जमिनीवर चालणारी सगळी यंत्रं त्यांना पोरखेळ वाटत.

"मिसिंग मारतेय," ते डोळे मिटून म्हणाले. "चार सिलिंडरांपैकी एक कामावर येत नाहीये. सरकारी खात्यासारखं. तिघं राबतात, चौथा रजेवर."

"मग काय करायचं?"

"प्लग बदला."

वरच्या मजल्यावरून गोदूबाईंनी हे ऐकलं. या गोदूबाई नरसिंगरावांच्या जुन्या भाडेकरू. भाडं त्या वेळेवर देत आणि सल्ला वेळेआधी. "प्लग बिग काही नको," त्या गच्चीवरून ओरडल्या. "लाल रंग, उघडं डोकं, नजर लागणार नाही तर काय? चाकाखाली लिंबू ठेवा." कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, पेट्रोलात पाणी. दूधवाल्याने तर कुणी विचारलंही नसताना सांगितलं की त्याच्या मेहुण्याची गाडीसुद्धा अशीच करायची. पुढे मेहुण्याने काय केलं असं विचारल्यावर तो म्हणाला, "बसचा पास घेतला. बसने जातो आता."

नरसिंगरावांनी सगळं केलं. लिंबू ठेवलं, पेट्रोल बदललं आणि गाडी घेऊन थेट होसकोटे गाठलं, कारण जुन्या जपानी गाड्यांचा नाद असलेला महांतेश तिथे औद्योगिक वसाहतीत गॅरेज चालवायचा. बनशंकरीहून होसकोटे म्हणजे अख्खं बेंगळुरू आडवं कापायचं. सिल्क बोर्डच्या चौकातल्या गर्दीत तर माणूस म्हातारा होतो. पण या सबंध प्रवासात गाडीने एक खोकला दिला असेल तर शपथ! पुलावर चढली, पुलावरून उतरली, टँकरांच्या मध्ये सापडली. आवाज मात्र तंबोरा लावावा तसा. ताप बघायला डॉक्टरकडे न्यावं आणि पोराने दवाखान्याच्या पायरीवर उड्या माराव्यात, तशी गत.

महांतेश मूळचा निपाणीकडचा. उंच, शांत, आणि बोलताना हात पुसत राहायची सवय. त्याने बॉनेट उघडलं, कान लावला, बंद केलं.

"घड्याळासारखं चाललंय की हो अण्णा."

"आता चाललंय. पण बनशंकरीत मिसिंग मारतं."

"बनशंकरीत मारतंय आणि होसकोट्यात मारत नाही?" महांतेशने आदराने विचारलं. "बरं, ऐकूया की. तुम्ही चालवा, मी रस्त्याकडेला उभा राहतो. आत बसून इंजिन ऐकू येत नसतंय अण्णा. आत माणसाला स्वतःचं काळीजच जास्ती ऐकू येतंय."

मग एका पिंपळाखाली महांतेश डोळे मिटून उभा राहिला आणि नरसिंगराव त्याच्यासमोरून इकडून तिकडे, तिकडून इकडे जाऊ लागले. पलीकडच्या कारखान्याचे कामगार डबे घेऊन बाहेर आले आणि टाळ्या वाजवू लागले. मिसिंग काही मिळालं नाही. महांतेशने तरी प्लग बदलले, प्लगांकडे जाणाऱ्या वायरी बदलल्या, आणि म्हणाला, "आता बिनघोर जावा."

नरसिंगराव बिनघोर घरी आले. दुसऱ्या दिवशी शारदाबाईंना घेऊन बसवनगुडीला लग्नाला निघाले, आणि गांधी बाजारच्या तोंडाशी, जिथे चिकपेटेतले निम्मे व्यापारी मांडवाबाहेर उभे होते, तिथे गाडी म्हणाली: खुक्-खुक्-फट्!

पुढचे काही आठवडे असेच गेले. गाडी घरी खोके, होसकोट्यात गाई. महांतेशने कॉईल बदलली, पेट्रोलचा पंप तपासला, नळ्या धुतल्या, सेन्सर बदलला. त्याला या गाडीची चीडही येईना, कारण त्याच्यासमोर तिने कधी आगळीक केलीच नव्हती. त्याला आता काळजी वाटू लागली होती ती नरसिंगरावांची. "अण्णा, झोप बरी लागते का?" त्याने एकदा हळूच विचारलं. नरसिंगरावांच्या स्वाभिमानाला तो फार मोठा ओरखडा होता.

त्यात नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली. महिनाअखेरपर्यंत गाडी तपासून घेतली नाही तर ती रस्त्यावर आणता येणार नव्हती. अंगणात ठेवून तिच्यात कोथिंबीर लावता आली असती. संतोषकुमार फोनवरून म्हणाला, "अप्पा, विकून टाका. कुणीतरी हौशी मिळेल." स्वतःचाच मुलगा आपल्याला हौशांत धरत नाही, हे नरसिंगरावांना तेव्हा कळलं.

आर.टी.ओ.त पहिलाच अडथळा रंगाचा निघाला. कागदावर 'मरून' असं होतं आणि खिडकीतल्या कारकुनाच्या मते बाहेर उभी असलेली गाडी लाल होती.

"मरून नाही, लालही नाही," नरसिंगराव कन्नडमध्ये म्हणाले. रंगाचा विषय निघाल्यावर त्यांचा धंदा जागा झाला होता. "नीट बघा सार, यात गुलाबीची झाक आहे. याला राणी लाल म्हणतात. उन्हात धरा... म्हणजे उन्हात जाऊन बघा. मरूनमध्ये तपकिरी उतरतो."

"सिस्टीममध्ये राणी नाही," कारकून म्हणाला.

"मग राजा असेल बघा," रांगेतला मागचा माणूस म्हणाला, आणि रांग हसली. शेवटी कारकून उठून बाहेर आला, गाडीभोवती फिरला, सावलीत मरून दिसते आणि उन्हात लाल, असं त्याचं त्यालाच पटलं, आणि गाडी सावलीत उभी करण्याच्या अटीवर कागद पुढे सरकला.

मग आले तपासनीस. बेंगळुरूत त्यांना सगळे ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात. हे ब्रेक इन्स्पेक्टर देहाने भरघोस होते; या बुटक्या गाडीत शिरताना त्यांना आधी एक पाय, मग सरकारी फाईल, मग उरलेले साहेब, असं टप्प्याटप्प्याने यावं लागलं. "चला, एक फेरी मारा," ते म्हणाले. आज छाप पाडायचीच, या इराद्याने नरसिंगरावांनी गाडी सुसाट काढली, वळणावर गिअर टाकला, आणि गाडी खोकली. साधी नाही, घसा फाडून खोकली. साहेबांनी फाईल छातीशी धरली होती.

खाली उतरल्यावर त्यांनी घाम पुसला. "इंजिन सरी इल्ला," ते म्हणाले. "दुरुस्त करून आणा."

घरी वादिराज वाटच पाहत होते. सगळी हकीकत ऐकून त्यांनी बोटांनी हवेत आकृत्या काढल्या आणि एकदम म्हणाले, "सापडलं! तुम्ही एकटे असता तेव्हा मिसिंग नाही. शेजारी शारदाअक्का असल्या की मिसिंग. शेजारी इन्स्पेक्टर असला की मिसिंग. आणि इन्स्पेक्टर देहाने कसा होता म्हणालात?"

"चांगला भरलेला."

"म्हणजे भार! डाव्या बाजूला भार पडला की खालची एखादी वायर दबते. सिद्ध करायला सोपं आहे. अक्कांच्या वजनाइतका भार ठेवायचा आणि फेरी मारायची." मग त्यांनी आवाज खाली आणला. "अक्कांचं वजन साधारण किती असेल?"

इथे कुठल्याही शहाण्या नवऱ्याने खोकल्याची उबळ आणली असती. पण नरसिंगराव पडले कापडाच्या धंद्यातले. मापात त्यांनी कधी कुणाला कमी दिलं नव्हतं. त्यांनी आकडा सांगितला, सढळ हाताने सांगितला, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे हे त्यांना नंतर दिसलं. आत कुकरची शिट्टी झाली नाही, फोडणी चुरचुरली नाही, भांडं वाजलं नाही. लग्न झालेल्या माणसाला या शांततेचा अर्थ सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शारदाबाई देवळात गेलेल्या बघून दोघांनी किराणावाल्याकडून तांदळाचं भलं मोठं पोतं आणवलं आणि डाव्या सीटवर बसवलं. पोतं घसरू नये म्हणून त्याला पट्टा लावला. पोत्याची धूळ सीटला लागू नये म्हणून नरसिंगरावांनी घरात जाऊन कपाटातून हाताला लागली ती साडी आणली आणि पोत्याला गुंडाळली. साड्यांची घडी घालण्यात आणि उलगडण्यात हयात गेलेली. हात आपोआप चालला. निऱ्या पडल्या. पोत्याचं वरचं बांधलेलं तोंडही त्यांनी नकळत पदरात झाकलं. छप्पर उघडं टाकून, शेजारी हे लेणं घेऊन ते रिंगरोडला एक लांब फेरी मारायला निघाले.

गाडी अप्रतिम चालली. खड्ड्यात गेली, वळली, वेगात धावली, पण हूं की चूं नाही. नरसिंगरावांना आनंद व्हावा की दुःख, ते कळेना. सिग्नलला एक ऑटोवाला शेजारी थांबला, डावीकडे बघून "नमस्कार अक्का" म्हणाला आणि उत्तर न आल्यामुळे जरा नाराज झाला.

पण त्याआधीच गोदूबाईंनी गच्चीवरून गाडी बाहेर पडताना पाहिली होती. शारदाबाई देवळातून परतल्या त्या पायरीवरच गोदूबाईंनी त्यांना गाठलं.

"शारदे, तू इथे कशी?"

"म्हणजे?"

"नाही, मघाशी गाडीत होतीस ना? जांभळी मैसूर सिल्क नेसून?" मग गोदूबाईंच्या चेहऱ्यावर एकदम मोठी करुणा पसरली. "अगो बाई. मी काही बोलले नाही हो."

नरसिंगराव शीळ घालत फाटकात शिरले तेव्हा पायरीवर शारदाबाई, गच्चीत गोदूबाई आणि कुंपणापलीकडे निम्मी गल्ली उभी होती. शारदाबाई गाडीशी आल्या, पदर बाजूला केला, पोतं पाहिलं. गल्लीने सुटकेचा आणि थोडा निराशेचा श्वास सोडला. शारदाबाईंनी मात्र सोडला नाही.

"ही माझी मैसूर सिल्क आहे," त्या म्हणाल्या.

"अगं, सीट खराब होऊ नये म्हणून..."

"सीट!"

वादिराजांनी इथे पडतं घ्यायला हवं होतं. पण शास्त्राला वेळेचं भान नसतं. "अक्का, मोठा शोध लागलाय," ते कुंपणावरून म्हणाले. "पोत्याला मिसिंग होत नाही. म्हणजे प्रश्न वजनाचा नाहीच. तुमच्यातच काहीतरी आहे."

पुढचे दिवस नरसिंगरावांनी विसरायचा प्रयत्न केला आहे. जेवण वेळेवर मिळत होतं, चवही तीच होती. पण शारदाबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत. "मीठ हवं असेल तर पुढे ठेवलंय," असं त्या घड्याळाला सांगत. रोज तांदूळ निवडायला त्या ते पोतंच पुढे घेऊन बसत, आणि निवडता निवडता थांबून त्याच्याकडे बघत, जशा बायका आपल्यापेक्षा नशीबवान जावेकडे बघतात.

एका संध्याकाळी नरसिंगरावांना राहवलं नाही. "विकून टाकतो गाडी," ते म्हणाले. "संतोष म्हणतो ते खरं आहे. तुला घेऊन फिरायचं म्हणून घेतली आणि तुलाच घेऊन फिरता येत नाही. मला एकट्याला कुठे जायचंय? होसकोट्याला?"

शारदाबाईंनी घड्याळाकडे बघणं सोडून पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

"किल्ली द्या."

"कशाला?"

"गाडीला माझ्यात काहीतरी दिसतं ना? मग तिने ते माझ्या तोंडावर सांगावं. उद्या सकाळी मी चालवते. तुम्ही बसा डावीकडे."

तशी शारदाबाईंना गाडी नवी नव्हती. नरसिंगरावांचा पाय मोडला होता त्या सबंध दिवाळीत दुकानाची व्हॅन त्यांनीच चिकपेटेच्या बोळांतून चालवली होती, आणि चिकपेटेच्या बोळात व्हॅन उलटी घेता येणाऱ्या माणसाला जगात कुठेही गाडी चालवता येते. पण या लाल गाडीचं चाक नरसिंगरावांनी आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. महांतेशच्याही नाही. त्यांनी किल्ली दिली ती मुलीची पाठवणी करावी तशी.

रविवारी सकाळी गाडी कनकपुरा रोडला लागली. शारदाबाईंनी पदर खोचला होता आणि काळा चष्मा लावला होता. गाडी त्यांच्या हातात शहाण्या गाईसारखी चालत होती. त्यांच्या चालवण्यात काही खोट नव्हती. खोट असलीच तर एवढीच की त्या चालवत होत्या आणि नरसिंगराव चालवत नव्हते.

"बस आहे," नरसिंगराव म्हणाले.

"दिसतेय."

"थांबतेय ती. स्टॉप आहे पुढे."

"दिसतेय म्हटलं ना."

बसचे मागचे लाल दिवे लागले. शारदाबाईंनी अजून वेग कमी केला नव्हता. नरसिंगरावांनी दाराची कड घट्ट धरली, आणि...

खुक्-खुक्-फट्!

शारदाबाईंनी हलकेच ब्रेक लावून गाडी बसमागे नेऊन उभी केली. गाडी पुन्हा गोड गुरगुरू लागली.

"बघितलंस?" नरसिंगराव जवळजवळ आनंदाने ओरडले. "तू चालवतेस तरी होतं! म्हणजे तुझा काही दोष नाही! म्हणजे..."

"तुम्ही पायाने काय केलंत?" शारदाबाईंनी विचारलं.

"कुठल्या पायाने?"

"उजव्या."

नरसिंगरावांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय गाडीच्या जमिनीवर, पुढच्या तिरक्या भागावर, गुडघ्यातून ताठ रोवलेला होता. जिथे ब्रेक असता, जर त्यांच्या बाजूला ब्रेक असता तर, अगदी तिथे.

"काही नाही. पाय लांब केला जरा."

"हो का?" शारदाबाईंनी गाडी बाजूला घेतली. शहाळी विकणाऱ्या एका एळनीरवाल्याच्या हातगाडीजवळ उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. "पुन्हा लांब करा."

नरसिंगरावांनी पाय रोवला. खुक्-फट्.

"सोडा."

गाडी गुरगुरली.

"दाबा."

खुक्-खुक्-फट्. शहाळं सोलायचं थांबवून एळनीरवाला जवळ आला. "सोडा," शारदाबाई म्हणाल्या. "दाबा. सोडा." एळनीरवाल्याला वाटलं, नरसिंगराव गाडी शिकतायत. "स्वल्प मेल्लगे सार," तो समजुतीने म्हणाला. जरा सावकाश, येईल हळूहळू, असा त्याचा अर्थ.

दोघांनी मिळून पायाखालचा गालिचा उचलला. खाली, अगदी तिरक्या भागात, हाताएवढी एक चपटी पेटी होती आणि तिच्यात वायरींचा जाड जुडगा खोचलेला. गाडीचा सगळा मेंदू तिथे होता. कुठल्या सिलिंडरने कधी पेटायचं ते तिथून ठरायचं. पेटीवर झाकण म्हणून बसवलेला पत्रा मागच्या कुठल्या तरी मालकाने हरवला होता, आणि जुडग्याचा जोड खिळखिळा झाला होता. वरून पाय दाबला की जोड सुटायचा, उचलला की लागायचा. तांदळाच्या पोत्याला पाय नसतात. त्यामुळे पोत्याचं चारित्र्य स्वच्छ राहिलं होतं.

नरसिंगरावांना इतका आनंद झाला की ते रस्त्यावरच दोन पावलं नाचले. मग त्यांच्या डोक्यात हळूहळू दुसरा प्रकाश पडला, आणि ते नाचायचे थांबले.

"म्हणजे आजवर, तू बाजूला असायचीस तेव्हा..."

"दाबायचे की," शारदाबाई शांतपणे म्हणाल्या. "ऑटो दिसला की तुम्ही त्याच्याशी शर्यत लावता. वळण दिसलं की गाडी जोरात घेता. दाबल्याशिवाय जीव राहतो का? मला वाटायचं मनातल्या मनात दाबतेय."

"आणि तो ब्रेक इन्स्पेक्टर?"

"त्या बिचाऱ्यालाही बायकामुलं असतील."

एळनीरवाल्याला मराठी येत नसावं, पण तो हसला. काही गोष्टींना भाषा लागत नाही. नरसिंगरावांनी दोन शहाळी घेतली, एक शारदाबाईंना दिलं, आणि आपलं शहाळं पिताना स्ट्रॉमधून नजर वर केली नाही.

"मी खरंच इतका वाईट चालवतो?" त्यांनी विचारलं.

"वाईट नाही," शारदाबाई म्हणाल्या. "लोकांनी बघावं म्हणून चालवता."

महांतेशला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे आधी हातोडा खाली ठेवल्याचा आवाज, मग हसू आलं. त्याने जोड नवा केला, वर जाड पत्रा ठोकला, आणि पत्र्यावर स्वतः उभा राहून उड्या मारून दाखवल्या. "आता हत्ती बसला तरी काही होत नाही बघा," तो म्हणाला, आणि शारदाबाईंकडे लक्ष जाताच घाईने जोडलं, "हत्ती म्हणजे, इन्स्पेक्टर साहेब हो." वादिराजांनीही सगळं ऐकून घेतलं आणि कुंपणावरून जाहीर केलं की डावी बाजू त्यांनीच आधी सांगितली होती, भार होता तो पायाचा निघाला, एवढाच तपशिलाचा फरक. मग त्यांनी शारदाबाईंची माफी मागितली. माफीत त्यांनी 'घर्षण' हा शब्द का वापरला ते कुणाला कळलं नाही.

आर.टी.ओ.त शारदाबाईच गाडी घेऊन गेल्या. तेच भरघोस साहेब टप्प्याटप्प्याने आत शिरले. बसताक्षणी त्यांनी पाय रोवून फाईल छातीशी धरली, कारण ही गाडी त्यांच्या लक्षात होती. मैदानाच्या एका कोपऱ्यापर्यंत ते तसेच राहिले. दुसऱ्या कोपऱ्याला फाईल मांडीवर आली. तिसऱ्यावर त्यांनी पाय सैल सोडले आणि चौथ्यावर उघड्या छपरातून वर बघत म्हणाले, "छान वारा येतो हो यात." नरसिंगराव झाडाखाली उभं राहून हे सगळं बघत होते. इंजिन एकदाही खोकलं नाही.

शिक्का मिळाला. बाहेर आल्यावर नरसिंगराव सवयीने उजव्या दाराकडे गेले. शारदाबाई आत बसलेल्याच होत्या. त्यांनी फक्त चष्म्यावरून पाहिलं. नरसिंगराव क्षणभर थांबले, मग गाडीला पुढून वळसा घालून डावीकडे आले आणि आपलं शरीर आत घडी घालून ठेवलं.

घरी जाताना जयनगरला मोठ्या सिग्नलला गाडी थांबली. डाव्या हाताला एका नव्या साड्यांच्या दुकानाची काच होती, जमिनीपासून दोन मजले उंच. व्यापारी माणूस, नजर तिकडे गेली. पण साड्यांच्या आधी काचेत एक लाल गाडी दिसली. नाही, राणी लाल. छप्पर उघडं, रस्त्याला लगटून उभी, मागच्या सगळ्या पांढऱ्या गाड्यांत कुंकवाच्या बोटासारखी. चाकामागे काळा चष्मा लावलेली एक बाई, आणि तिच्या शेजारी एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस, हात दाराबाहेर टाकून ऐसपैस बसलेला.

मजा आहे लेकाची, नरसिंगरावांच्या मनात आलं. मग त्या माणसाने कान खाजवला, आणि नरसिंगरावांच्या लक्षात आलं की कान आपला आहे.

इतके महिने चालवली, पण चालवणाऱ्याला आपली गाडी दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त पुढचा ऑटो. तिचं ते नाक, तो लांब खांदा, दारावरून सरकत जाणारं ऊन, हे सगळं त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या उन्हात बसलेली शारदाही. ती चष्मा काढून पदराने पुसत होती.

"अहो," खाली मान घालून चष्मा पुसता पुसता ती म्हणाली, "सिग्नल सुटला का बघा जरा."

"नाही अजून," दुकानाच्या काचेवरून नजर न हलवता नरसिंगराव म्हणाले.

मागच्या सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवू लागल्या.